त्रिमितीय मॉडेल सपाट प्रतलावर आणताना: सावली, दृश्य, छेद आणि उलगडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका यंत्राच्या आवरणाचे त्रिमितीय मॉडेल तयार आहे. त्यात ३० अंशांत कललेल्या काही प्लेट आहेत, १२० मिमी व्यासाचा एक गोल नळा आहे आणि वर घुमटाकार झाकण आहे. हे सारे सपाट प्रतलावर आणून त्यातून एक वाचता येईल असा आराखडा आणि एक लेझर कटिंगची फाइल, अशा दोन गोष्टी हव्या आहेत. विचारणाऱ्यांनी सर्व बिंदूंचा झेड निर्देशांक शून्य करून पाहिला, तेव्हा रेषांचा गुंता झाला आणि त्यावरून कापलेल्या प्लेट आखूड भरल्या. आता नेमकी कोणती कमांड वापरावी, असे त्यांनी विचारले आहे.

कमांडचे नाव सांगून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ‘सपाट करणे’ या एका शब्दाखाली येथे चार वेगळी कामे एकत्र आली आहेत. पहिले काम म्हणजे सावली: वस्तूचा प्रत्येक बिंदू ठरावीक दिशेने प्रतलावर उतरवायचा, मग तो पुढचा असो की मागचा. दुसरे म्हणजे दृश्य: सावलीसारखेच उतरवायचे, पण पुढच्या भागामागे दडलेल्या कडा ओळखून वेगळ्या काढायच्या. तिसरे म्हणजे छेद: प्रतल वस्तूला जिथे कापते तेवढीच आकृती घ्यायची. चौथे म्हणजे उलगडा: वाकवलेला पत्रा पुन्हा सरळ केल्यावर जो आकार मिळतो तो काढायचा. उलगडा हा मुळात प्रक्षेपच नव्हे, आणि लेझर कटिंगमध्ये होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या दोहोंची गल्लत केल्याने होतात.

प्लेट आखूड का भरल्या ते आधी पाहू. लंबप्रक्षेपाचे गणित साधे आहे. बिंदूचे प्रतलापासूनचे लंब अंतर काढायचे आणि बिंदू तेवढाच लंबदिशेने मागे सरकवायचा. प्रतल जमिनीशी समांतर असेल, तर हे करणे म्हणजेच झेड शून्य करणे. यात प्रतलाला समांतर असलेली लांबी तशीच राहते, प्रतलाला लंब असलेली लांबी नाहीशी होते आणि मधल्या कोनात असलेली लांबी त्या कोनाच्या कोसाइनने गुणली जाते. ३० अंशांचा कोसाइन ०.८६६ असल्याने २०० मिमी लांबीची कललेली प्लेट १७३.२ मिमी दिसते. क्षेत्रफळालाही हाच गुणक लागतो. २०० बाय १०० मिमीच्या पृष्ठाचे २०,००० चौरस मिमी क्षेत्रफळ प्रक्षेपात साधारण १७,३२० चौरस मिमी होते. सॉफ्टवेअरने चूक केलेली नाही; जे विचारले त्याचे अचूक उत्तर दिले आहे.

प्लेटला जाडी असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ६ मिमी जाडीच्या प्लेटची वरची आणि खालची पृष्ठे ३० अंशांच्या कलामुळे प्रक्षेपात एकमेकांपासून ३ मिमी सरकतात, कारण येथे जाडीला साइनचा गुणक लागतो. म्हणजे सावलीची एकूण लांबी १७३.२ अधिक ३, अर्थात १७६.२ मिमी होते, आणि कलाच्या दिशेतील दोन्ही टोकांना ३ मिमी अंतरावर दोन-दोन समांतर रेषा येतात. प्लेटवरचे गोल भोक दोन सरकलेल्या लंबवर्तुळांत बदलते. या आकृतीतली एकही बंद कडा कापण्याच्या कामाची नसते.

म्हणून कललेल्या सपाट प्लेटसाठी माझे स्पष्ट मत असे आहे की, कापण्याच्या फाइलसाठी प्रक्षेप करूच नये. प्लेटचे मोठे पृष्ठ वेगळे काढावे आणि ते तसेच उचलून जमिनीच्या प्रतलावर निजवावे. राइनो या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट सरफेस’ किंवा ‘डुप्लिकेट बॉर्डर’ने पृष्ठ किंवा त्याची कडा मिळते आणि ‘ओरिएंट थ्री पॉइंट’ने ती निजवता येते. ऑटोकॅडमध्ये ‘एक्सएजेस’ने कडा काढून ‘थ्रीडी अलाइन’ने हेच साधते. या हालचालीत फक्त सरकणे आणि फिरणे असल्यामुळे मापे जराही बदलत नाहीत. पृष्ठ हलवायचे नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे कामाचे प्रतलच त्या पृष्ठावर नेणे: ऑटोकॅडमध्ये यूसीएसचा (आपण ठरवलेल्या निर्देशांक अक्षांचा) ‘फेस’ हा पर्याय, राइनोमध्ये तीन बिंदूंनी किंवा वस्तूवरून ठरवलेले बांधकाम प्रतल, म्हणजे सीप्लेन. मग प्रक्षेपाची दिशा पृष्ठाला लंब होते, कोन शून्य होतो आणि गुणक १ राहतो. हातांनी आराखडे काढणारे लोक कललेल्या पृष्ठाचे खरे माप मिळवण्यासाठी जे साहाय्यक दृश्य काढत, ते हेच. गास्पार मोंज यांनी अठराव्या शतकात मांडलेल्या वर्णनात्मक भूमितीतील खरी लांबी काढण्याच्या रीतींमागेही हाच विचार आहे. तेव्हा तो तटबंदीच्या बांधकामासाठी वापरला जाई, आज संगणकाला एका क्लिकने सांगता येतो.

आता रेषांचा गुंता. झेड शून्य केल्यावर वस्तू नाहीशी होत नाही. तिच्या साऱ्या कडा आणि पृष्ठे एकाच पातळीवर एकमेकांवर येऊन बसतात. उभ्या कडांचे शून्य लांबीच्या रेषांत रूपांतर होते, त्या दिसत नाहीत पण फाइलमध्ये राहतात. उभी पृष्ठे रेषेत मिटतात. वरचे आणि खालचे वर्तुळ एकावर एक पडते, आणि अशी फाइल यंत्राला दिली की ते एकच भोक दोनदा कापते. ब्लेंडरमध्ये झेड अक्षावर शून्य पट करायचे असेल, तर ते निदान एडिट मोडमध्ये करावे. ऑब्जेक्ट मोडमध्ये केल्यास वस्तूच्या रूपांतराला उलट दिशा उरत नाही आणि पुढच्या क्रियांत विचित्र परिणाम दिसतात. नंतर ‘मर्ज बाय डिस्टन्स’ चालवले की एकाच जागी आलेले बिंदू एकत्र होतात, पण एकमेकांना मधेच छेदणाऱ्या कडा तशाच राहतात, त्यांच्या छेदावर नवा बिंदू तयार होत नाही. ऑटोकॅडमधील ‘ओव्हरकिल’ एका रेषेत अंशतः एकमेकांवर आलेले तुकडेही जोडते. राइनोमधील ‘सिलेक्ट डुप्लिकेट’ मात्र तंतोतंत सारख्या वस्तूच शोधते. अर्धवट एकमेकांवर आलेल्या रेषा तिच्या नजरेतून सुटतात. फक्त बाहेरची सीमा हवी असेल, तर राइनोमध्ये मेश (लहान सपाट तुकड्यांनी बनलेले पृष्ठ) घेऊन ‘मेश आउटलाइन’ वापरावे; ते त्या दृश्यातली सीमारेषा थेट देते आणि हा गुंता मुळातच टळतो.

दृश्य ही सावलीपेक्षा बरीच अवघड गोष्ट आहे. कोणती कडा दिसते आणि कोणती दडते हे ठरवण्यासाठी प्रत्येक कडेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यासमोर काय आहे ते तपासावे लागते. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ मध्ये एमआयटीतील आपल्या प्रबंधात यासाठीची पहिल्या पिढीतील एक पद्धत मांडली, आणि आजही मोठ्या मॉडेलवर ही क्रिया संगणकाला दमवते. शिवाय वक्र पृष्ठांच्या बाबतीत एक मूलभूत अडचण आहे. घुमटाची किंवा नळ्याची बाजूने दिसणारी बाह्यरेषा ही मॉडेलमधली कडाच नसते. पृष्ठाची लंबदिशा जिथे पाहण्याच्या दिशेशी काटकोन करते, तिथले बिंदू जोडून ती रेषा सॉफ्टवेअरला शोधावी लागते आणि दृश्य बदलले की ती बदलते. झेड शून्य केल्यावर किंवा केवळ कडा काढल्यावर घुमटाची बाजू गायब का होते, याचे उत्तर यात आहे.

ही बाह्यरेषा नेहमी सोप्या आकाराची असते असेही नाही. गोलाचा लंबप्रक्षेप कुठूनही पाहिला तरी वर्तुळच असतो, पण तिरक्या दिशेने पाहिलेल्या बांगडीसारख्या आकाराची, म्हणजे टोरसची, बाह्यरेषा लंबवर्तुळ नसते. टोरस म्हणजे एका वर्तुळावर केंद्र ठेवून सरकणाऱ्या गोलांचा समूह मानला, तर प्रक्षेपात त्या वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि गोलांची त्यावर केंद्र असलेली वर्तुळे होतात. त्या सर्वांना स्पर्श करणारी रेषा ही लंबवर्तुळापासून सम अंतरावर चालणारी आठव्या घाताची वक्ररेषा असते. म्हणून सॉफ्टवेअर ती अंदाजाने, ठरावीक सहनमर्यादेत (चालवून घेतलेल्या चुकीच्या मर्यादेत), स्प्लाइनने, म्हणजे बिंदूंवरून आखलेल्या गुळगुळीत वक्ररेषेने काढते. याउलट मॉडेलमध्ये असलेल्या कडेचा समांतर प्रक्षेप अचूक निघू शकतो: नर्ब्स कर्व्हचे (कॅडमध्ये नियंत्रक बिंदू, त्यांचे भार आणि गाठी यांनी ठरणाऱ्या वक्ररेषेचे) नियंत्रक बिंदू प्रतलावर उतरवले की मिळणारा कर्व्ह हाच मूळ कर्व्हचा प्रक्षेप असतो, भार आणि गाठी बदलाव्या लागत नाहीत. तेव्हा एकाच आराखड्यात काही रेषा अचूक आणि काही सहनमर्यादेतल्या असू शकतात. मॉडेलची सहनमर्यादा ढिली ठेवली असेल, तर बाह्यरेषा आणि कडा जिथे भेटायला हव्यात तिथे बारीक फटी दिसतात, आणि त्या दिसल्या की मी सर्वांत आधी ती सहनमर्यादाच तपासतो.

दृश्य काढणाऱ्या कमांड प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ऑटोकॅडमधील ‘फ्लॅटशॉट’ समोरच्या दृश्याच्या समांतर प्रतलावर सॉलिड, सरफेस आणि मेश यांच्या कडा उतरवून त्यांचा ब्लॉक बनवते, आणि तो ब्लॉक चालू यूसीएसच्या एक्स-वाय प्रतलावर ठेवते. पाहण्याची दिशा एक आणि ठेवण्याचे प्रतल दुसरे, असे येथे सहज होऊ शकते. ‘आराखडा भलतीकडे उभा आला’ अशी जी तक्रार येते तिचे मूळ यात असते. दडलेल्या कडा दाखवायच्या की नाही आणि गोलाईच्या स्पर्शरेषा (गोलाई जिथे शेजारच्या पृष्ठाला मिळते त्या रेषा) घ्यायच्या की नाही, हे तिच्या खिडकीतच ठरवता येते. गोलाई असलेल्या भागांत स्पर्शरेषा वगळणे मला बरे वाटते, नाहीतर प्रत्येक कोपऱ्यावर दोन रेषा येऊन आराखडा जड होतो. फ्लॅटशॉटचा निकाल मॉडेलशी जोडलेला राहत नाही. मॉडेल बदलणार असेल तर लेआउटमध्ये ‘व्ह्यूबेस’ने दृश्ये ठेवावीत, ती मॉडेलबरोबर बदलतात. ‘फ्लॅटन’ ही कमांड नावाने जवळची असली, तरी ती मुख्यतः चुकून उंचीवर गेलेल्या रेषा सरळ करण्यासाठी आहे. सॉलिडचे नेटके दृश्य तिच्याकडून अपेक्षू नये.

राइनोमध्ये ‘प्रोजेक्ट टू सीप्लेन’ ही सावली आहे आणि ‘मेक टूडी’ हे दृश्य. पहिल्या कमांडला सॉलिड दिला तर तो चपटा, स्वतःवरच दुमडलेला सरफेस होतो. तिला कर्व्हच द्यावेत. दुसरी कमांड दिसणाऱ्या, दडलेल्या आणि स्पर्शाच्या रेषा वेगवेगळ्या लेअरवर ठेवते. फ्रीकॅडमध्ये ड्राफ्ट वर्कबेंचमधील ‘शेप टूडी व्ह्यू’ हे काम करते. तिच्या गुणधर्मांत प्रक्षेपाची दिशा आकड्यांनी देता येते आणि पूर्ण सॉलिड, ठरावीक पृष्ठे किंवा छेदरेषा यांपैकी काय हवे ते निवडता येते. फ्रीकॅडच्याच टेकड्रॉ वर्कबेंचमध्ये भारी मॉडेल अडकत असेल, तर ‘कोर्स व्ह्यू’ सुरू केल्यावर अचूक गणिताऐवजी बहुभुजांवर आधारलेले जलद गणित होते. वाचण्याच्या आराखड्याला ते चालते, कापण्याच्या फाइलला चालत नाही. ओपनस्कॅडमध्ये ‘प्रोजेक्शन’ ही एकच आज्ञा दोन कामे करते: ‘कट’ हा पर्याय बंद असेल तर संपूर्ण वस्तूची सावली मिळते, सुरू असेल तर झेड शून्यवरचा छेद मिळतो. त्यामुळे दुसऱ्या उंचीवरचा छेद हवा असल्यास मॉडेल आधी वरखाली सरकवावे लागते. सावली आणि छेद यांतला फरक शिकवण्यासाठी हा पर्याय उलटसुलट करून पाहण्यासारखे दुसरे साधन मला माहीत नाही.

या कोणत्याही कमांडपूर्वी दृश्य समांतर आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. ब्लेंडरमध्ये नमपॅडवरील ५ ने आणि स्केचअपमध्ये कॅमेरा मेनूतील ‘पॅरलल प्रोजेक्शन’ने ते बदलते. यथार्थदर्शी दृश्यात प्रत्येक बिंदूची जागा डोळ्यापासूनच्या अंतराने भागली जाते. सरळ रेषा सरळच राहते, पण तिचा मध्यबिंदू मध्यावर राहत नाही आणि समांतर रेषा एकमेकींकडे झुकतात. डोळ्याच्या अक्षापासून दूर असलेला गोलही तिथे लंबवर्तुळ दिसतो. अशा चित्रावर एकही माप टाकू नये.

आयसोमेट्रिक दृश्याबाबतही एक खुलासा करायला हवा, कारण त्यावर मापे घेऊन लोक फसतात. विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ज्याचे विवेचन प्रसिद्ध केले, त्या या दृश्यात तिन्ही अक्ष प्रतलाशी ३५.२६ अंशांचा कोन करतात, म्हणून तिन्ही दिशांच्या लांबी ०.८१६५ पट होतात. हाताने काढलेल्या आयसोमेट्रिक आराखड्यात अक्षांवर खरीच लांबी मांडण्याचा प्रघात आहे. सॉफ्टवेअर मात्र खरा प्रक्षेप काढते, त्यामुळे १०० मिमीची कड ८१.६५ मिमी भरते. प्रघाताप्रमाणे हवे असल्यास संपूर्ण आकृती १.२२४७ पट करावी.

नळ्याकडे वळू. १२० मिमी बाह्य व्यासाचा आणि ८० मिमी उंचीचा नळा बाजूने प्रक्षेपित केला, तर १२० बाय ८० चा आयत मिळतो. त्या मापाचा पत्रा कापून नळा वळवता येणार नाही हे उघड आहे. येथे उलगडा लागतो, आणि त्याची लांबी व्यास गुणिले पाय (π) एवढी असते. व्यास मात्र बाहेरचा घ्यायचा नसतो. पत्रा २ मिमी जाड असेल, तर जाडीच्या मध्यावरचा ११८ मिमी व्यास घेऊन ३७०.७ मिमी लांबी येते. मोठ्या वळणासाठी हे पुरते. घट्ट वाकवण्यात न ताणला जाणारा थर आतल्या बाजूला सरकतो, म्हणून तिथे शीट मेटल मॉड्यूलमधला के-फॅक्टर, म्हणजे तो थर जाडीत कुठे आहे हे सांगणारा आकडा, वापरावा. राइनोमध्ये नळा, शंकू अशा एका दिशेने वळलेल्या पृष्ठांना ‘अनरोल सरफेस’ पुरते.

घुमटाचे तसे नाही. गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, पृष्ठावरची अंतरे न बदलता केलेल्या कोणत्याही वाकवण्यात त्याची गाउस वक्रता (दोन मुख्य दिशांतल्या वक्रतांचा गुणाकार) बदलत नाही. गोलाची ही वक्रता शून्य नाही आणि सपाट पत्र्याची शून्य आहे. म्हणून गोल पृष्ठ ताणल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सपाट करता येणारच नाही. ‘स्क्विश’सारख्या कमांड हा ताण वाटून देऊन एक जवळचा आकार काढतात. कापड किंवा पातळ रबरासाठी तो उपयोगी पडतो. धातूच्या झाकणासाठी घुमटाच्या पाकळ्या करून प्रत्येक पाकळी एका दिशेने वळलेली मानावी, किंवा झाकण साच्यात दाबून बनवून घ्यावे. त्याच्या लंबप्रक्षेपाचा उपयोग एवढाच, की झाकण बसण्याच्या गोल कडेचे माप त्यातून मिळते.

मॉडेल मेशच्या रूपात, उदाहरणार्थ एसटीएल फाइलमधून आले असेल, तर त्यात वर्तुळ नसते, बहुभुज असतो. बहुभुजाचे कोपरे खऱ्या वर्तुळावर असतात आणि बाजू आत शिरतात. १० मिमी त्रिज्येचे भोक ३२ बाजूंनी दाखवले असेल, तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर ते सुमारे ०.०४८ मिमी आत येते, १६ बाजूंनी ०.१९ मिमी. घट्ट बसवायच्या बोल्टला दुसरा आकडा त्रास देईल. अशा भोकांचे तीन कोपरे पकडून नवे वर्तुळ काढावे, हे कंटाळवाणे असले तरी खात्रीचे आहे. मेशच्या दृश्यात त्रिकोणांच्या साऱ्या कडा उमटत असतील, तर दोन शेजारच्या पृष्ठांमधील कोन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तेव्हाच कडा दाखवावी, अशी मर्यादा लावता येते. ३० अंशांपासून सुरुवात करून पाहावे.

मॉडेल आरंभबिंदूपासून फार दूर असणे, हे न कळणाऱ्या चुकांचे आणखी एक कारण आहे. नकाशावरच्या निर्देशांकांवर बसवलेल्या मॉडेलमध्ये आकडे लाखांच्या घरात जातात. ब्लेंडरसारखी बरीच मेश सॉफ्टवेअर बिंदू ३२ बिटांच्या आकड्यांत साठवतात, ज्यांत साधारण सात अंकच विश्वासाचे असतात. २०,९७,१५२ ते ४१,९४,३०४ या टप्प्यात अशा दोन लागोपाठच्या आकड्यांतले अंतर ०.२५ असते, म्हणजे एकक मीटर असेल तर पाव मीटर. तिथे कडा वाकड्या दिसतात आणि बंद आकृत्या उघड्या पडतात. प्रक्षेपापूर्वी मॉडेल आरंभबिंदूजवळ आणणे हा त्यावरचा उपाय आहे. कॅड सॉफ्टवेअर ६४ बिटांचे आकडे वापरतात म्हणून तिथे हा दोष क्वचित जाणवतो, पण दूरच्या आकड्यांमुळे छेद आणि दडलेल्या कडांचे गणित तिथेही डळमळते.

दिशेबद्दल एक छोटी सूचना: वरून आणि खालून काढलेली दृश्ये एकमेकांची आरशातली रूपे असतात. दोन्ही बाजू सारख्या असलेली साधी प्लेट उलटी करून लावता येते, पण एका बाजूला कोरीव खूण, वाकवण्याची रेषा किंवा पॉलिश असेल, तर उलटी कापलेली प्लेट वाया जाते.

शेवटी फाइल बाहेर काढताना माप बदलू नये यासाठी थोडे. डीएक्सएफ या कॅड आराखड्यांच्या फाइलप्रकारात एककाची नोंद असते, पण ती वाचणारी सगळीच सॉफ्टवेअर ती पाळत नाहीत. आकृती २५.४ पट मोठी किंवा लहान आली, तर इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली असे समजावे. एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलप्रकारात पिक्सेलच्या मोजमापाने गडबड होते. इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरने ०.९२ आवृत्तीपासून एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले, म्हणून जुन्या फाइल सुमारे ६.७ टक्क्यांनी चुकतात. ७२ धरणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आणल्यास फरक एकतृतीयांशाचा होतो. जुनी यंत्रे डीएक्सएफची आर-१२ आवृत्ती मागतात. तिच्यात लंबवर्तुळ आणि स्प्लाइन हे घटकच नाहीत, म्हणून त्यांचे लहान रेषांत तुकडे होतात. ते तुकडे किती लहान असावेत ही मर्यादा निर्यात करतानाच आपण ठरवावी, सॉफ्टवेअरवर सोडू नये. मी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात, न कापायच्या लेअरवर, १०० मिमी बाजूचा एक चौरस ठेवतो, आणि यंत्रावर फाइल उघडली की आधी तो मोजून पाहायला सांगतो. त्यानंतर प्रत्येक प्लेटच्या बंद आकृतीचे क्षेत्रफळ मॉडेलमधील त्याच पृष्ठाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावे. आकडा कमी भरला, तर दोहोंच्या गुणोत्तराचा व्यस्त कोसाइन काढावा. तो ३० अंश आला, तर ती प्लेट निजवायची राहून गेली आहे आणि फाइलमध्ये तिची सावलीच गेली आहे.